बंधाऱ्यातला गाळ शेतात न्यावा का? सातपुड्याच्या पायथ्याच्या एका नदीतील पाऱ्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

सातपुड्यातून उतरून जळगाव जिल्ह्यात तापीला मिळणाऱ्या सुकी, मोर, भोकर, गूळ, अनेर अशा ज्या नद्या आहेत, त्यांच्यासारख्याच एका नदीवरचे हे प्रकरण. नदी, गाव आणि संस्थांची नावे वगळली आहेत. ओळख पटू नये म्हणून अंतरे आणि घटनांचा क्रमही थोडा बदलला आहे.

नदीचे चार टप्पे पडतात, आणि या प्रकरणात प्रत्येकाला काम आहे. वर सागाचे आणि सालईचे जंगल. त्याखाली डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांचा पट्टा. इथे नदीचे पाणी जमिनीत मुरते आणि खालच्या विहिरींना मिळते. मग केळी, कापूस आणि थोडा ऊस असलेली खोल, काळसर गाळाची जमीन. शेवटी तालुक्याचे गाव आणि गावाच्या खाली कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. पावसाळा ओसरला की ऑक्टोबरात बंधाऱ्याच्या लोखंडी फळ्या टाकतात आणि जूनच्या आधी काढतात. जानेवारी सरला की वरून पाणी येणे थांबते. त्यानंतर बंधाऱ्यात पडते ते गावाच्या मोठ्या नाल्याचे पाणी, दुसरे काही नाही. नकाशावर ती नदी असते, फेब्रुवारीनंतर प्रत्यक्षात ते गटाराचे तळे असते.

हा नाला सराफ बाजाराच्या मागून येतो. सोनारांच्या दुकानातली झाडलोट, भट्टीची राख, पॉलिशची धूळ विकत घेऊन त्यातून सोने काढणारे झारेकरी याच गल्लीत काम करतात. पद्धत जुनी आहे. राख जाळून, कुटून, चाळून घ्यायची. लोखंडी खलात पाणी आणि पारा घालून घोटायची. सोन्याचे कण पाऱ्याला चिकटले की वरची राख पाण्याने धुऊन टाकायची. उरलेला लगदा जाड कापडातून पिळायचा. आणि मागे राहिलेला गोळा तापवून पारा उडवून लावायचा. पारा ३५७ अंशांना उकळतो, त्यामुळे साध्या भात्याच्या शेगडीवरही हे होते. धुणावळीचे पाणी मोरीत जाते, वाफ खोलीत आणि गल्लीत राहते. काही जण गोळा तापवण्याऐवजी तेजाबात टाकतात. ते नदीसाठी अधिक वाईट, कारण मग पारा थेंबाच्या रूपात न राहता विरघळून जातो. थेंब जड असतो, पाण्याच्या १३.६ पट, तो गटारात कुठेतरी तळाला बसतो. विरघळलेला पारा चिकणमातीच्या कणाला धरून पार बंधाऱ्यापर्यंत जातो आणि तिथल्या जिवाणूंच्या हाती लवकर लागतो.

अडचण

राज्य सरकारची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७ मध्ये सुरू झाली. बंधाऱ्यातला गाळ काढण्याचा ठराव झाला, पोकलेन ठरला, ट्रॉल्यांसाठी शेतकऱ्यांची यादी लागली. केळीच्या बागेत असा गाळ टाकायला कोणीही नाही म्हणत नाही.

त्याच उन्हाळ्यात सराफ गल्लीचे गटार उपसताना सफाई कामगारांच्या घमेल्याच्या तळाशी चकाकणारे थेंब दिसले. गटार नाल्याला मिळते, नाला बंधाऱ्याला. तेव्हा प्रश्न असा उभा राहिला: हा गाळ शेतात न्यायचा का? आणि बंधाऱ्यात मासेमारी करणाऱ्या भोई कुटुंबांनी तिथला मासा खायचा का?

पहिला संशय गल्लीवर गेला नाही, हेही सांगायला हवे. जिल्ह्यात कोळशावरचे वीज केंद्र आहे, त्यामुळे बैठकीत बोट चिमणीकडे गेले. दुसरे नाव आले जुन्या बेणे-प्रक्रियेच्या औषधाचे. मिथॉक्सी इथाइल मर्क्युरी क्लोराईड हे पाऱ्याचे बुरशीनाशक उसाच्या टिपऱ्या बुडवायला वर्षानुवर्षे वापरले गेले. केंद्र सरकारने ते ऑगस्ट २०१८ मध्ये बंद केले. दोन्ही शंका वाजवी होत्या. फक्त त्या तपासायची रीत वेगळी आहे.

तपासणी: पहिला अहवाल आणि त्यातली फसगत

सुरुवातीला पाणी तपासले. नमुना प्लास्टिकच्या डब्यात घेतला, आम्ल न घालता दोन दिवस गाडीत ठेवला आणि प्रयोगशाळेत दिला. अहवालात ‘आढळला नाही’ असे आले आणि ठराव पुढे सरकला.

इथे दोन चुका झाल्या. साध्या प्लास्टिकच्या डब्यात पारा भिंतीला चिकटतो किंवा निसटतो. नमुना काचेच्या किंवा टेफ्लॉनच्या बाटलीत, आम्ल घालून, बर्फात न्यावा लागतो. दुसरी चूक मोठी. प्रयोगशाळेची मोजण्याची खालची मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम होती. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातली (आयएस १०५००:२०१२) पाऱ्याची मर्यादाही तेवढीच. म्हणजे १,००० नॅनोग्रॅम. नदीच्या पाण्यात पारा सहसा काही नॅनोग्रॅम ते काही दहा नॅनोग्रॅम असतो. तागडीत किमान किलोचे वजन असेल, तर गुंजभर सोने ‘आढळणार नाही’च.

शिवाय माशात जाणारा पारा हा साधा पारा नसतो. तळाच्या गाळात जिथे प्राणवायू संपतो, तिथे सल्फेटवर आणि लोहावर जगणारे काही जिवाणू साध्या पाऱ्याचा मिथाइल पारा करतात (हे काम करणारी जनुकांची जोडी २०१३ मध्ये ओळखली गेली). तो शेवाळात जातो, शेवाळातून किड्यात, किड्यातून लहान माशात, लहान माशातून मरळीत, आणि प्रत्येक पायरीवर वाढत जातो. एकूण वाढ दहा लाख पटींच्या घरात जाऊ शकते. हिशेब सोपा आहे: लिटरमागे अर्धा नॅनोग्रॅम मिथाइल पारा, गुणिले दहा लाख, म्हणजे माशाच्या किलोत अर्धा मिलिग्रॅम. भारतीय अन्नसुरक्षा नियमांत मिथाइल पाऱ्याची मर्यादा किलोला ०.२५ मिलिग्रॅम आहे. पाणी मानकात आणि मासा मानकाबाहेर, असे एकाच वेळी होऊ शकते. भोयांच्या मासेमारी संस्थेच्या एका सभासदाने बैठकीत अहिराणीत विचारलेला प्रश्न नेमका होता: “पानी ते साफ शे, मंग मासामा पारा कथाईन ऊना?” (पाणी तर साफ आहे, मग माशात पारा कुठून आला?)

दुसरी फेरी: गाळ आणि मासा

दुसऱ्या फेरीत पाण्याला हात लावला नाही. सहा ठिकाणचा गाळ घेतला: जंगलाच्या कडेला, केळीच्या पट्ट्याच्या वर आणि खाली, नाल्याच्या तोंडाशी, बंधाऱ्याच्या मध्यावर आणि बंधाऱ्याच्या खाली.

नमुने घेताना पाळलेल्या गोष्टी अशा. बंधाऱ्यात ६३ मिलिमीटर व्यासाचा मीटरभर पीव्हीसी पाइप सरळ दाबायचा, वरचे तोंड रबरी बुचाने बंद करून उपसायचा आणि उभाच ठेवायचा. काठावर आतला गाळ ढकलून पाच-पाच सेंटिमीटरच्या चकत्या करायच्या. चकत्या भट्टीत १०५ अंशांना वाळवायच्या नाहीत, पारा उडून जातो. चाळीस अंशांच्या आत वाळवायच्या. मग ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेला भागच मोजायचा. हे शेवटचे टाळले तर सगळी तुलना फसते, कारण पारा वाळूवर बसत नाही, चिकणमातीवर बसतो. डोंगरपट्ट्यातली वाळू ‘स्वच्छ’ आणि बंधाऱ्यातला चिखल ‘दूषित’ असा निष्कर्ष नुसत्या पोताच्या फरकानेही निघू शकतो. आणि तापमान घ्यायला काचेचा पाऱ्याचा थर्मामीटर न्यायचा नाही. तो फुटला तर सगळे नमुने बाद होतात.

माशांत एकाच लांबीच्या मरळी आणि त्याच वर्षीचे बोटभर लहान मासे घेतले. मांस पाठीकडचे, कातडी काढून. लांबी आणि वजन न नोंदवलेला माशाचा आकडा निरुपयोगी असतो, कारण म्हातारी मरळ स्वच्छ तळ्यातही तरुण मरळीपेक्षा जास्त पारा बाळगते.

गाळाची तुलना गोड्या पाण्यासाठीच्या कॅनडाच्या मार्गदर्शक पातळ्यांशी केली: किलोला ०.१७ मिलिग्रॅमच्या खाली त्रास संभवत नाही, ०.४८६ च्या वर बहुधा होतो. जंगलाकडचा गाळ खालच्या पातळीच्या आत होता. केळीच्या पट्ट्याच्या वर आणि खाली फारसा फरक पडला नाही, म्हणजे बेण्याच्या औषधाचा हात असलाच तर लहान. चिमणीतून येणारा पारा सबंध खोऱ्यावर पसरून पडतो. तो मुख्य कारण असता तर जंगलातल्या गाळातही दिसायला हवा होता, कारण झाडाची पाने हवेतला पारा टिपतात आणि पानगळीबरोबर जमिनीला देतात. उडी दिसली ती नाल्याच्या तोंडाशी.

बंधाऱ्यात मात्र अपेक्षेपेक्षा वेगळे निघाले. मधल्या प्रवाहातला गाळ जवळजवळ स्वच्छ होता, कारण पावसाळ्यात फळ्या निघतात आणि सातपुड्याचा पूर तो भाग दरवर्षी धुऊन नेतो. डाव्या काठाला, नाला मिळतो त्या डोहात, पूर पोचत नाही. तिथे वरचे पंधरा सेंटिमीटर बरे होते; पंचवीस ते चाळीस सेंटिमीटरच्या थरात ०.४८६ ओलांडले होते. झारेकऱ्यांच्या गल्लीत पूर्वी काम जास्त होते, त्याची ती खूण.

मरळ मर्यादेबाहेर होती. लहान मासे आत होते, पण काठावर.

जागेचा गुण-दोष

डोहात पारा किती, यापेक्षा त्या पाऱ्याचे तिथे काय होते हा प्रश्न मोठा आहे. या नदीत काही गोष्टी बाजूने आहेत. बेसाल्टचे, चुनखडीचे पाणी. पीएच आठच्या आसपास. आम्लधर्मी पाण्यात माशांत पारा जास्त चढतो, इथे तो धोका कमी. उथळ स्वच्छ पाण्यात ऊन मिथाइल पारा मोडूनही टाकते, आणि खान्देशात ऊन कमी पडले अशी तक्रार कोणी केलेली नाही.

विरुद्ध बाजू मात्र जड ठरली. डोहावर जलपर्णीची चादर, त्यामुळे ऊन खाली जात नाही आणि तिच्या मुळांत प्राणवायू नसलेले थर तयार होतात. सांडपाण्यातून सेंद्रिय घाण आणि सल्फेट दोन्ही येतात. जिवाणूंना एकीने अन्न मिळते, दुसऱ्याने श्वास. उन्हाळ्यात पाणी तापते, त्यांची गती वाढते. आणि दरवर्षी काठाचा चिखल मे महिन्यात भेगाळून वाळतो, पुढच्या पाण्यात पुन्हा भिजतो. वाळून भिजलेल्या चिखलातून मिथाइल पारा झटक्याने सुटतो. फळ्या टाकण्या-काढण्याचे वेळापत्रक पाण्यासाठी आखलेले असते, पण पाऱ्याचे वेळापत्रकही तेच ठरवते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय मूळ ठरावाचा: सगळा गाळ काढून शेतात. याच्या बाजूने एक खरी गोष्ट होती. कोरडवाहू किंवा ठिबकवरच्या जमिनीत हवा खेळती असते, तिथे पाऱ्याचा मिथाइल पारा फारसा होत नाही आणि केळीच्या घडात किंवा कापसात तो चढण्याची शक्यता कमी असते. भाताच्या खाचरात टाकला असता तर गोष्ट वेगळी. पण डोह उपसला की वरचा बरा थर निघून खालचा वाईट थर उघडा पडणार, उपसताना गढूळलेले पाणी पुढे जाणार, आणि नदीकाठच्या शेतात टाकलेला गाळ पहिल्या दोन पावसांत नदीला परत मिळणार. ट्रॉलीचा हिशेबही केला: दोन टन कोरड्या गाळात किलोला अर्धा मिलिग्रॅम धरला तर ट्रॉलीमागे एक ग्रॅम पारा. साधारण काचेच्या एक-दोन थर्मामीटरांइतका.

दुसरा पर्याय, फळ्या फेब्रुवारीतच काढून डोह कोरडा ठेवायचा. कागदावर उत्तम. पण बंधाऱ्याच्या पाझरावर काठच्या विहिरी आहेत, आणि मार्च-एप्रिलचे पाणी म्हणजे केळीचा जीव. हा पर्याय मांडणाऱ्याला बैठकीत दुसरे वाक्य बोलता आले नाही.

तिसरा पर्याय सल्लागाराने सुचवला: नाल्याच्या तोंडाशी पानकणसाची पाणथळ करून सांडपाणी गाळायचे. नुसत्या सांडपाण्यासाठी हा चांगला उपाय आहे. पाऱ्यासाठी उलटा, कारण पाणथळीचा चिखल म्हणजे मिथाइल पारा तयार करण्याची आदर्श जागा. हे वेळेवर लक्षात आले म्हणून पैसे वाचले.

चौथा पर्याय, नाला वळवून बंधाऱ्याच्या खाली सोडायचा. याला तापीकाठच्या गावांचा विरोध झाला आणि तो रास्त होता.

निवडलेला मार्ग आणि केलेली कामे

गाळाचे दोन भाग केले. मधल्या प्रवाहातला गाळ योजनेप्रमाणे शेतकऱ्यांना दिला, पण नदीकाठापासून दूरच्या, बांध असलेल्या शेतांनाच. डाव्या काठचा डोह चार दगड रोवून सोडून दिला. पोकलेन त्या हद्दीच्या आत गेला नाही. घातक कचऱ्याच्या नियमांतील मर्यादेपेक्षा हा गाळ खूप खाली होता, म्हणून तो घातक कचऱ्याच्या केंद्रात न्यायचा प्रश्न नव्हता. शेतासाठी योग्य नाही आणि कायद्याने घातक नाही, अशा गाळाला जिथे आहे तिथे झाकून ठेवणे हाच त्यातल्या त्यात बरा उपाय.

सराफ गल्लीच्या गटारावर तीन कप्प्यांची विटांची टाकी बांधली: लांबी दीड मीटर, रुंदी आणि खोली एकेक मीटर, मध्ये दोन आडव्या भिंती. थेंब आणि जड राख पहिल्या कप्प्यात बसते. दर पंधरा दिवसांनी उपसा. उपसलेला गाळ उन्हात वाळवायचा नाही, झाकणाच्या बादलीत वर चार बोटे पाणी ठेवून साठवायचा. त्यात सोनेही असते, त्यामुळे तो झारेकऱ्यांनीच परत घेतला. टाकीची देखभाल चालू राहण्याचे खरे कारण हेच. विरघळलेला पारा मात्र अशा टाकीत अडकत नाही. म्हणून तेजाबाची पद्धत सोडण्याची अट वेगळी घातली.

तापवण्यासाठी बंद भांडे दाखवले: घट्ट झाकणाचे लोखंडी भांडे, झाकणातून निघालेली उतरती नळी, नळीवर ओले कापड आणि टोकाखाली पाण्याचे भांडे. नळीचे टोक पाण्यात बुडवायचे नाही. भांडे थंड होताना पाणी आत ओढले जाते, तापलेल्या लोखंडावर त्याची वाफ होते आणि भांडे फुटते. हे दोनदा सांगावे लागले.

जानेवारी ते मे नाल्याचे पाणी गावाच्या बंद पडलेल्या जुन्या तलावात वळवून, पाण्यात हवा मिसळणारे पाच अश्वशक्तीचे दोन वातक लावून मग सोडायचे ठरले. जलपर्णी हाताने काढली. पहिल्या दिवशी ती काठावरच ढीग मारून ठेवली होती; कुजून पाणी पुन्हा डोहात उतरू लागले, तेव्हा ट्रॉलीने लांब नेली.

भोई कुटुंबांशी बोलणे सर्वांत अवघड होते. ‘मासे खाऊ नका’ असे सांगणे म्हणजे घरातले स्वस्त आणि चांगले अन्न काढून घेणे. म्हणून हिशेब मांडला. जागतिक तज्ज्ञ समितीने २००३ मध्ये ठरवलेली मिथाइल पाऱ्याची आठवड्याची सुसह्य मात्रा शरीराच्या किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम आहे. पन्नास किलो वजनाच्या बाईला ८० मायक्रोग्रॅम. माशात किलोला ०.४ मिलिग्रॅम असेल तर आठवड्याला २०० ग्रॅम. यावरून तीन गोष्टी सांगितल्या: रोहू, कटला, मृगळ खा, या बंधाऱ्याची मरळ आणि वाम गरोदर, बाळंतीण आणि लहान मुलांना देऊ नका, शिजवून, तळून पारा जात नाही. मरळ ताकदीची म्हणून मुद्दाम बाळंतिणीच्या ताटात जाते, त्यामुळे दुसरी गोष्ट पटवायला संस्थेच्या बायकांचीच मदत घ्यावी लागली.

निष्पत्ती

पुढच्या वर्षी लहान माशांतला पारा कमी झाला. मरळीत फरक दिसला नाही, आणि एवढ्यात दिसण्याची अपेक्षाही नव्हती. मोठ्या माशाच्या अंगात जुना पारा वर्षानुवर्षे राहतो. उपायाचा परिणाम पाहायचा तर एका वर्षाच्या आतल्या लहान माशावर नजर ठेवावी, बाजारातल्या मोठ्या माशावर नाही.

वातक दुसऱ्या उन्हाळ्यात वीजबिलावरून दीड महिना बंद राहिले आणि डोहावर जलपर्णी परत आली. टाकी चालू आहे. बंद भांडे सर्वांनी घेतले नाही.

वेगळे काय करता आले असते

पाण्याची पहिली तपासणी केली नसती तर एक महिना आणि एक खोटा दिलासा वाचला असता. गाळ आणि मासा आधी, पाणी शेवटी, आणि तेही नॅनोग्रॅम मोजणारी प्रयोगशाळा असेल तरच.

झारेकऱ्यांना पहिल्यांदा गेली ती नोटीस. त्यानंतर आठवडाभरात दोघांनी शेगडी गल्लीतून उचलून राहत्या घरी नेली. नदीचा पारा थोडा कमी झाला असेल, पण तो मुलांच्या झोपण्याच्या खोलीत गेला. टाकीतला गाळ तुमचा, सोने तुमचे, ही बोलणी नोटिशीच्या आधी व्हायला हवी होती. ती घरे कोणती हे गल्लीला माहीत आहे. तिथल्या हवेची तपासणी अजून झालेली नाही.

डोहाच्या हद्दीचे चार दगड बंधाऱ्याच्या नकाशावर चढवायचे राहून गेले. त्या वेळचे अभियंता बदलून गेले आहेत, आणि गाळ काढण्याच्या पुढच्या मागणीवर डाव्या काठच्या दोन शेतकऱ्यांच्या सह्या आधीच झाल्या आहेत.